उंदराची रात्र आणि आपले कामाचे तास

प्रयोगांचे प्राणी ठेवणाऱ्या बहुतेक अ‍ॅनिमल हाउसमध्ये सकाळी दिवे लागतात, संध्याकाळी विझतात आणि माणसांचे सगळे काम या दोन वेळांच्या मध्ये उरकते. वजने घेणे, औषध टोचणे, रक्ताचे नमुने काढणे, वर्तनाच्या चाचण्या घेणे, सारे दहा ते पाच. पिंजऱ्यातला उंदीर मात्र निशाचर आहे. त्याचे खाणेपिणे, धावणे, कापूस ओढून घरटे नीट करणे, यांतले बरेचसे दिवे विझल्यावर सुरू होते. औषधांविषयी, आजारांविषयी आणि वर्तनाविषयी आपण जे सांगतो त्याचा मोठा भाग अशा प्राण्याला त्याच्या झोपेतून उठवून मिळवलेला आहे. उंदरांच्या दैनिक हालचालींची लय मोजण्याचे काम करत असताना माझे एक मत पक्के होत गेले. ही मोजणी जैविक घड्याळावर काम करणाऱ्या मोजक्या मंडळींचा खास विषय म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही. प्रत्येक अ‍ॅनिमल हाउसमध्ये वजनकाटा आणि तापमापक असतो; तशीच हालचालींची चोवीस तासांची अखंड नोंद उंदरांवरच्या प्रत्येक प्रयोगाबरोबर असायला हवी. ती नसेल तर तो प्रयोग अपुरा समजावा, इतक्या स्पष्ट शब्दांत मी हे म्हणेन. या मतावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यांतले काही रास्त आहेत आणि त्यांना उत्तर देणे माझे काम आहे.

आधी या मोजणीने आजवर काय दिले ते पाहू. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कर्ट रिक्टर यांनी १९२२ मध्ये उंदरांच्या आपणहून होणाऱ्या हालचालींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटात अन्न आहे, पुढ्यात पाणी आहे, कोणी मागे लागलेले नाही, तरीही हा प्राणी ठरावीक वेळी उठून का धावू लागतो, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढची अनेक दशके ते मेंदूच्या निरनिराळ्या भागांना इजा करून ही लय कुठे मोडते ते शोधत राहिले आणि हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले. १९७२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्यातली नेमकी जागा दाखवली: सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, सुमारे २०,००० पेशींचा इवलासा पुंजका. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना २४ ऐवजी २० तासांच्या लयीने जगणारे हॅमस्टर मिळाले. दोन वर्षांनी त्यांच्या गटाने हा पुंजका एका हॅमस्टरमधून दुसऱ्यात बसवला, तेव्हा घेणाऱ्याची लय देणाऱ्यासारखी झाली. १९९४ मध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने तीनशेहून अधिक उंदरांच्या नोंदी तपासल्या. त्यांत एकाची लय इतरांपेक्षा तासाभराने लांब निघाली. त्या एका उंदरावरून सस्तन प्राण्यांमधल्या ‘क्लॉक’ या जनुकाचा माग लागला. यांपैकी कोणीही घड्याळ डोळ्यांनी पाहिले नव्हते. बहुतेकांनी पाहिले ते प्राण्यांच्या हालचालींचे ठसे, आणि ते ठसे बोलके झाले कारण ते दिवसेंदिवस न तुटता उमटत राहिले होते.

ही नोंद जवळून पाहण्यासारखी असते. पिंजऱ्यात एक चाक, चाकाच्या कडेला चिकटवलेले छोटे लोहचुंबक आणि पिंजऱ्याच्या भिंतीबाहेर एक रीड स्विच. चाक एकदा फिरले की चुंबक स्विचसमोरून जाते, क्षणभर मंडल जुळते आणि संगणकात एक फेरा जमा होतो. मिनिटामिनिटाची बेरीज होत जाते. दिवसभराची नोंद एका आडव्या ओळीत मांडायची, फेरे पडले तिथे काळ्या उभ्या रेघा. दुसऱ्या दिवसाची ओळ तिच्या खाली, तिसऱ्याची त्याखाली. पूर्वी पेनने रेघा उमटलेली कागदाची लांब पट्टी दिवसादिवसाला कापून पुठ्ठ्यावर एकाखाली एक चिकटवत, तेच काम आता सॉफ्टवेअर करते. या चित्राला आम्ही ॲक्टोग्राम म्हणतो. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असेल तोवर सगळ्या काळ्या पट्ट्या दिवे विझण्याच्या वेळेला टेकून एका सरळ उभ्या रेषेत सुरू होतात. मग दिवे लावणे बंद करून उंदराला सतत अंधारात ठेवले की प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा काळा सी५७बीएल/६ उंदीर रोज पंधरावीस मिनिटे आधी धावू लागतो. त्याचे स्वतःचे घड्याळ २४ तासांचे नसून सुमारे २३.७ तासांचे असते. पट्ट्यांची सुरुवात ओळीगणिक डावीकडे सरकते आणि दहा दिवसांत त्याची ‘संध्याकाळ’ आपल्या संध्याकाळच्या तीन तास आधी येऊन ठेपते. आत एक घड्याळ चालू आहे आणि ते कोणत्या गतीने चालते, हे दोन्ही त्या तिरप्या कडेवर पट्टी ठेवून मोजता येते.

अशी नोंद लयीचा अभ्यास न करणाऱ्यालाही उपयोगी पडते, आणि माझ्या मताचा पहिला आधार तोच आहे. ॲक्टोग्राममध्ये खोलीत घडलेले जवळपास सगळे उमटते. पिंजरे बदलण्याच्या दिवशी भर दुपारी एक काळा ठिपका दिसतो, कारण नव्या भुशीत टाकलेला उंदीर झोप मोडून कोपरे हुंगत फिरतो. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड, यंत्रावरचा सतत जळणारा दिवा, शेजारच्या खोलीतले बांधकाम, बंद पडलेला एसी, या सगळ्यांच्या खुणा त्यात सापडतात. आपल्याकडे वीज जाते तिथे तर ही नोंद पहारेकऱ्याचे काम करते. दिव्यांचा टायमर जुन्या यांत्रिक पद्धतीचा असेल तर वीज गेल्यावर तोही थांबतो. दोन तासांनी वीज आली की तो जिथे होता तिथून पुढे चालू लागतो आणि त्या दिवसापासून दिवे दोन तास उशिरा लागतात, दोन तास उशिरा विझतात. भिंतीवरच्या तक्त्यावर ‘सात ते सात’ असेच लिहिलेले राहते. हा फरक माणसाच्या लक्षात येत नाही, कारण संध्याकाळी सातनंतर तिथे माणूसच नसतो. ॲक्टोग्राममधल्या पट्ट्या मात्र दोन-चार दिवसांत सरकून नव्या वेळेवर बसतात. रात्री कोणी काही मिनिटे दिवा लावला तरी ते निरुपद्रवी नसते. पॅट्रिशिया डीकोर्सी यांनी १९६० मध्ये उडत्या खारींवर दाखवले की तोच उजेड रात्रीच्या सुरुवातीला पडला तर घड्याळ मागे जाते, रात्र सरताना पडला तर पुढे येते आणि दिवसा पडला तर जवळजवळ काहीच होत नाही. तेव्हा ‘दिवा किती वेळ लागला’ याइतकेच ‘कधी लागला’ हे महत्त्वाचे असते, आणि नोंद नसेल तर ते कळण्याचा मार्ग नसतो.

दुसरा आधार अधिक गंभीर आहे, कारण त्यात रुग्णांचे हित गुंतलेले आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी वाचवणाऱ्या अनेक उपायांनी उंदरांमध्ये चांगले गुण दाखवले आणि माणसांवरच्या चाचण्यांत ते निरुपयोगी ठरले. या अपयशाची कारणे अनेक असतील. पण २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने एक कारण डोळ्यांसमोर आणले. संशोधकांनी असे तीन उपाय दोन वेगवेगळ्या वेळी करून पाहिले. उंदरांच्या विश्रांतीच्या वेळी, म्हणजे आपल्या दिवसा, त्या उपायांनी मेंदूतली इजा कमी झाली. उंदरांच्या जागेपणी, म्हणजे रात्री, तेच उपाय चालले नाहीत. माणसांवरच्या चाचण्यांत पुष्कळ रुग्ण दिवसा, स्वतःच्या जागेपणी दाखल होतात. उंदीर आणि माणूस दोघांनाही सकाळी अकराला औषध दिले, तर घड्याळातली वेळ एक असली तरी शरीरातली वेळ उलटी असते. यकृतातली विकरे, शरीराचे तापमान, कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी, रोगप्रतिकारक पेशींची वर्दळ, सगळे वेळेनुसार चढते-उतरते. अशा प्राण्यावर दिवसातल्या एकाच वेळी केलेली मोजणी त्या वेळेपुरतीच खरी असते. पुष्कळ शोधनिबंधांत तर प्रयोग किती वाजता केला हेही लिहिलेले नसते. दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग फसला की दोष उंदरांना, रसायनांना किंवा हातांना दिला जातो; वेळेचा विचार शेवटी येतो, किंवा येतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा: सगळ्या उंदरांना तोच उजेड-अंधार मिळत असेल तर सगळ्यांची लय एकच असणार, मग प्रत्येकाची नोंद कशाला? हे अर्धेच खरे आहे. उजेड-अंधाराच्या चक्रात दिसणारी लय दोन गोष्टींतून बनते. एक आतले घड्याळ आणि दुसरा उजेडाचा थेट परिणाम. निशाचर उंदीर उजेड पडताच थांबतो, त्याच्या घड्याळाला धावायचे असले तरी थांबतो. याला मास्किंग म्हणतात. यामुळे घड्याळ बिघडलेला प्राणीही बारा-बारा तासांच्या चक्रात नीटस लयबद्ध दिसू शकतो, आणि त्याचा बिघाड उघडा पडतो तो सतत अंधारात काही दिवस ठेवल्यावर. शिवाय वाणावाणांत फरक असतो. सी३एच या वाणातल्या अनेक उंदरांच्या डोळ्यांतल्या प्रकाशग्राही पेशी एका जनुकीय दोषामुळे लहान वयातच झडतात. त्यांना आकार दिसत नाहीत, तरी त्यांचे घड्याळ उजेडाशी जुळते, आणि या कोड्याचा पाठपुरावा करताना डोळ्यांतल्या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशींचा शोध लागला. सी५७बीएल/६ उंदीर मेलॅटोनिन जवळजवळ बनवतच नाही. अशा दोन वाणांची तुलना ‘सकाळी दहा वाजता’ या एका बिंदूवर करणे आणि फरक औषधाचा आहे असे म्हणणे धोक्याचे आहे. दिवसाची एकूण बेरीज घेऊनही भागत नाही. दोन उंदीर चोवीस तासांत सारखेच फेरे मारतील, पण एक ते सगळे रात्रीच्या पहिल्या सहा तासांत मारेल आणि दुसरा दिवस-रात्र तुकड्यातुकड्यांनी. बेरीज दोघांना एकसारखे ठरवते. ॲक्टोग्राम पाहणाऱ्याला दुसऱ्या उंदराची लय विस्कटलेली लगेच दिसते, आणि वार्धक्यात किंवा मेंदूच्या ऱ्हासात नेमके असेच घडते.

दुसरा आक्षेप साधनावर आहे आणि तो मला सगळ्यांत रास्त वाटतो. चाक हे केवळ मोजमापाचे साधन नाही. चाक दिल्याने उंदीर बदलतो. तो एका रात्रीत काही किलोमीटर धावतो, त्याचे वजन आणि स्नायू बदलतात, आणि त्याच्या लयीचा कालावधीही थोडा आखूड होऊ शकतो. चाकावर धावणे हे बंदिवासातून आलेले निरर्थक वर्तन आहे, असेही पुष्कळ दिवस म्हटले गेले. या दुसऱ्या भागाला नेदरलँड्समधल्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी २०१४ मध्ये उत्तर दिले. त्यांनी मोकळ्या निसर्गात चाके ठेवली आणि रानातले उंदीर आपणहून येऊन त्यांवर धावले. तरीही पहिला भाग उरतोच, आणि त्याचे उत्तर असे की प्रश्न पाहून साधन निवडावे. घड्याळाचा कालावधी अचूक हवा असेल तर चाकाला तोड नाही, कारण त्याच्या नोंदीची सुरुवात धारदार असते. प्राण्याची सहज हालचाल हवी असेल तर पिंजऱ्याच्या दोन बाजूंना अवरक्त किरणांच्या जोड्या लावाव्यात किंवा वर हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर बसवावा. शरीराचे तापमानही हवे असेल तर पोटात बसवायचे टेलिमेट्रीचे यंत्र घ्यावे, मात्र त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. प्रत्येक साधन थोडी वेगळी गोष्ट मोजते. चाक धावणे मोजते, किरण तुटणे जागा बदलणे मोजते, पीआयआर अंग खाजवणेही मोजतो. शोधनिबंधात नुसते ‘ॲक्टिव्हिटी’ लिहून हे तिन्ही एकाच माळेत ओवणे चूक आहे. साधनाला मर्यादा आहेत म्हणून मोजूच नये, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. न मोजल्याने प्राण्याची लय नाहीशी होत नाही, आपणच तिच्याविषयी अंधारात राहतो.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: प्रयोगशाळेतला उंदीर मुळात खऱ्या जगातला उंदीर नव्हे, मग त्याची रात्र मोजून काय साधणार? याला बळकट पुरावा आहे. सोनेरी हॅमस्टर प्रयोगशाळेत इतका नेमाने निशाचर वागतो की घड्याळाच्या अभ्यासात तो आदर्श मानला गेला. पण तुर्कस्तानात त्याच्या मूळ शेतांमध्ये केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो दिवसा बिळाबाहेर वावरताना आढळला. सर्ज दान आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतले उंदीर उघड्यावरच्या कुंपणात सोडून खाण्याच्या जागी त्यांच्या फेऱ्या नोंदल्या, तर तेही बहुतांशी दिवसा खायला येत होते. पुढे असेही दिसले की थंडी वाढवली आणि अन्नासाठी जास्त कष्ट करायला लावले तर पिंजऱ्यातला निशाचर उंदीरही दिवसाकडे झुकतो. रात्रीच्या गारठ्यात घरट्यात पडून राहिल्याने त्याची ऊर्जा वाचते. मला वाटते, हा सगळा पुरावा माझ्या बाजूने बोलतो. ‘उंदीर निशाचर आहे’ हे वाक्य पाठ करून चालणार नाही, कारण त्याची रात्र कुठे पडते हे खोलीचे तापमान, अन्नाची वेळ आणि त्याच्या पोटाची स्थिती यांवर अवलंबून आहे. सवयीने गृहीत धरलेली गोष्ट बदलती निघाली की ती मोजावी लागते. शिवाय प्रयोगशाळेतल्या वाणांच्या पलीकडे जाऊन इथल्या उंदरांकडेही पाहता येते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी आसपासच्या शेतांतला छोटा उंदीर, मस बूडुगा, चाकावर अभ्यासला आणि उजेडाने त्याचे घड्याळ कधी किती सरकते ते मोजले. हाच उंदीर महाराष्ट्राच्या शेतांतही आहे. तो पिकावर कोणत्या वेळी येतो, हे शेतीच्या दृष्टीनेही विचारण्यासारखे आहे.

चौथा आक्षेप सोयीचा आहे. दिवे उलटे करा, म्हणजे आपल्या दिवसा उंदरांची रात्र होईल आणि मोजणीची गरजच राहणार नाही, असे सांगितले जाते. उलटे चक्र चांगलेच आहे आणि वर्तनाच्या चाचण्यांसाठी मी त्याचा आग्रहही धरतो. पण त्याने जबाबदारी वाढते. अंधाराच्या खोलीत माणसे काम करतात ती लाल दिव्यात, आणि लाल उजेड उंदराला दिसत नाही अशी पक्की समजूत आहे. उंदराची दृष्टी लाल रंगाला मंद आहे, पूर्ण आंधळी नाही. लाल दिवा पुरेसा प्रखर असेल तर तो त्याच्या लयीपर्यंत पोचतो. मंद लाल दिवा, तोही नेमक्या वेळेपुरता, किंवा अवरक्त कॅमेरा वापरावा लागतो. शिवाय दिवे उलटल्या दिवशीच उंदीर उलटत नाही. त्याचे घड्याळ रोज थोडे थोडे सरकत नव्या वेळेवर येते आणि त्याला एक-दोन आठवडे लागू शकतात. तो खरोखर जुळला का, हे सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याची नोंद.

शेवटचे दोन आक्षेप पैशांचे आणि प्राण्यांचे. चाके, स्विच, उजेड बंद होणारी कपाटे आणि परवान्याचे सॉफ्टवेअर मिळून खर्च मोठा होतो हे खरे. पण लयीची नोंद ठेवण्यासाठी एवढे सगळे लागत नाही. घरांतल्या दिव्यांना लावतात तसल्या पीआयआर सेन्सरवर आणि एका साध्या मायक्रोकंट्रोलरवर ही नोंद होऊ शकते. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशी पद्धत प्रसिद्ध करून तिचे तपशील सर्वांना खुले केले. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी अशी यंत्रणा उभी करू शकतील. नोंदीचा अर्थ लावणे मात्र माणसाचेच काम आहे. कोणतेही सॉफ्टवेअर कोणत्याही आकड्यांतून एक ‘कालावधी’ काढून देते, लय असो वा नसो. म्हणून पिरियडोग्रामचा, म्हणजे कालावधी काढणाऱ्या आलेखाचा, आकडा पाहण्याआधी ॲक्टोग्राम पाहावा आणि सतत अंधारातली निदान आठ-दहा दिवसांची नोंद असल्याशिवाय कालावधी सांगू नये. प्राण्यांच्या बाजूने एक खरी अडचण आहे: चाकावर कोणाचे फेरे पडले हे कळायला उंदीर एकेकटा ठेवावा लागतो, आणि तो समूहात राहणारा प्राणी आहे. म्हणून एकटेपणाचा काळ प्रश्नाला लागेल तेवढाच असावा, घरट्याचे साहित्य द्यावे आणि जिथे गटाची नोंद पुरते तिथे गट फोडू नये. दुसऱ्या बाजूला, हात न लावता मिळणारी ही माहिती आजारी प्राणी लवकर दाखवते, कारण लय बिघडणे हे अनेकदा पहिले लक्षण असते. वेळेमुळे आकड्यांत येणारा पसाराही तिच्यामुळे आटोक्यात राहतो. पसारा कमी झाला की तोच निष्कर्ष कमी उंदरांत निघतो. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सीसीएसईए आणि संस्थांच्या नैतिकता समित्या प्राण्यांची संख्या कमी ठेवण्याचा आग्रह धरतात. हा आग्रह पाळण्याचा एक स्वस्त मार्ग हाच आहे.

तेव्हा उंदरांवर काम करणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. प्रयोगाआधी निदान आठवडाभर उंदरांची नोंद घ्या आणि त्यांची लय दिव्यांशी जुळलेली आहे याची खात्री करा. निबंधात दिवे लागण्याची व विझण्याची वेळ, उजेडाची प्रखरता, प्रयोगाची वेळ, खोलीचे तापमान आणि हालचाल मोजण्याचे साधन लिहा. शक्य असेल तिथे महत्त्वाची मोजणी दिवसातल्या दोन वेळी करा, एकदा प्राण्याच्या विश्रांतीत आणि एकदा त्याच्या जागेपणी. नैतिकता समित्यांनी अर्जात या माहितीसाठी रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेल तर अर्ज परत पाठवावा. आपण या प्राण्यांचा जीव घेतो तो ज्ञानासाठी. त्या ज्ञानावर वेळेची नोंद नसेल तर तो जीव अर्धा वाया जातो, आणि तसे होऊ न देणे आपल्या हातात आहे.